स्वतःशी समेट



शेजाऱ्यावर प्रीती करावी, शत्रूलाही क्षमा करावी, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात बसत होतो तेव्हापासून ऐकत आलो आहोत. प्रवचनातही ते वारंवार येते. पण सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे प्रभूला विचारण्यात आले, तेव्हा त्याने दिलेल्या उत्तरातील एका भागाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. शेजाऱ्यावर किती प्रीती करायची याचे मापही प्रभूने सांगून ठेवले आहे, आणि ते माप म्हणजे आपण स्वतः (मार्क १२:३१). ही आज्ञा प्रभूने जुन्या करारातून घेतली आहे (लेवीय १९:१८), म्हणजे हे माप मोशेच्या काळापासून चालत आलेले आहे. आता ज्याचे मापच फुटके आहे, त्याने दुसऱ्याला काय मोजून द्यावे? जो माणूस उठल्यापासून झोपेपर्यंत स्वतःला दूषणे देतो, आपल्या रंगाला, रूपाला, शिक्षणाला, गरिबीला बोल लावतो, तो शेजाऱ्याशी गोड बोललाच तर ते गोड बोलणे किती दिवस टिकणार?

म्हणून या रविवारच्या अभ्यासासाठी आम्ही हा विषय घेतला आहे. माणसाने स्वतःशी समेट कसा करावा?

‘स्वतःवर प्रेम’ हे शब्द आपल्या ख्रिस्ती कानाला थोडे खटकतात, याची आम्हाला कल्पना आहे. स्वार्थ, अहंकार, मीपणा या गोष्टींविरुद्ध आपण एवढे ऐकलेले असते की स्वतःविषयी चांगला विचार करणे हेही पापच वाटू लागते. पण आपल्या ख्रिस्तसभेच्या मोठ्या आचार्यांनी तसे शिकविलेले नाही. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न सरळच विचारात घेतला होता. त्यांच्या मते माणूस स्वतःवर जी योग्य प्रीती करतो ती मैत्रीचे मूळ असते, कारण मित्राशी आपण तसेच वागतो जसे स्वतःशी वागतो. त्यांच्याही आधी सुमारे सोळाशे वर्षे ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथातील नवव्या भागात एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. वाईट मार्गाला लागलेल्या माणसाला एकटे बसवत नाही. एकटा बसला की त्याला आपली कृत्ये आठवतात, म्हणून तो सतत कोणाची तरी सोबत शोधतो. चांगला माणूस मात्र स्वतःच्या सहवासात आनंदाने वेळ घालवू शकतो. ॲरिस्टॉटलच्या काळी मोबाईल नव्हता. असता तर त्याने तेवढेच एक वाक्य वाढविले असते, असे आम्हाला वाटते.

आमच्या मते या बाबतीत सर्वांत स्पष्ट लिहिले ते रोमानो ग्वार्दिनी या धर्मगुरूंनी. त्यांचा जन्म १८८५ साली इटलीत झाला, ते वाढले जर्मनीत आणि तेथेच १९६८ साली वारले. १९६० साली त्यांनी स्वतःचा स्वीकार या एकाच विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचा आशय थोडक्यात असा : मी मला निवडलेले नाही. हे शरीर, हे आईवडील, हा काळ, हा स्वभाव, ही ताकद आणि ही कमजोरी, हे सर्व मला दिले गेले आहे. देणारा परमेश्वर आहे. म्हणून मी ‘मी’ आहे या गोष्टीला होकार देणे हे नीतीचे पहिले काम, आणि बाकीचे सद्गुण त्यानंतर. ग्वार्दिनी हेही बजावतात की हा होकार म्हणजे ‘मी आहे तो ठीक आहे, मला कोणी काही सांगू नये’ असे नव्हे. स्वतःतील वाईटाशी झगडायचे आहेच. पण ज्याला आपण आपले म्हणतच नाही, त्याच्याशी झगडणार कसे?

धुऊन धुऊन

तत्त्वज्ञान एवढे पुरे. आता आपल्याच मराठी ख्रिस्ती घरातील एक उदाहरण पाहू.

रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची नावे मराठी ख्रिस्ती माणसाला सांगावी लागत नाहीत. ते प्रोटेस्टंट मंडळीचे, पण त्यांच्या लिखाणावर सर्वांचाच हक्क आहे. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर मिळवून वाचावे. त्यात सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांची हकिकत आहे. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या जवळच्या नातलगाला फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचे वेडच लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात जात नसे. घरातील प्रत्येकाला, विशेषतः बायकामुलांना, त्या धुण्यापुसण्याच्या जाचातून जावे लागे. आपल्या मराठीत याला फार नेमका शब्द आहे : मंत्रचळ. आजचे डॉक्टर त्याला आजार म्हणतात आणि त्यावर उपचारही करतात. त्या काळी ते कोणाला माहीत असणार?

आम्ही ही हकिकत वाचतो तेव्हा त्या गृहस्थांचा राग येत नाही, दया येते. दुःख आत होते आणि ते बाहेर पाणी ओतत होते. मीठमिरची कितीही धुतली तरी जे डाग पडल्यासारखे वाटत होते ते मनावर होते. आणि तेथे पाणी पोहोचत नाही.

लक्ष्मीबाई १८६८ साली जन्मल्या. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिलेले नव्हते. वाचायला त्यांना शिकविले ते नवऱ्याने. टिळक थोर कवी, पण संसाराच्या दृष्टीने अवघड माणूस. कधी न सांगता घर सोडून निघून जाणार, हातातला पैसा वाटेत कोणा गरजवंताला देऊन रिकाम्या हाताने परतणार, आणि रागावले म्हणजे विचारू नका. आपल्या विदर्भाशीही त्यांचा संबंध होता : नागपूरला श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्याकडे ते ग्रंथाच्या कामासाठी राहिले होते. पुढे राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल दिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या दिवसाने लक्ष्मीबाईंचे आयुष्य दुभंगले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. नातेवाईक, जात, तीर्थक्षेत्र एका बाजूला आणि नवरा दुसऱ्या बाजूला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे राहायला आल्या खऱ्या, पण आपले सोवळे घेऊनच आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, ही त्यांची मोठी गोष्ट. मग हळूहळू लक्ष्मीबाईंच्याच मनात विचार सुरू झाला, की ही उच्चनीचता देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसांच्या अंगावरच काही खूण असती. आणि एके दिवशी त्यांनी ठरविले, की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे. वडिलांच्या घरात जे ओझे बायकामुलांच्या डोक्यावर होते, ते मुलीने असे खाली ठेवले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे १८९५ पासून पाच वर्षे लागली. स्वतःशी समेट करू इच्छिणाऱ्याने हा पाच वर्षांचा हिशेब लक्षात ठेवावा. एका प्रार्थनासभेत, एका रात्रीत सर्व बदलले असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांना खोटे म्हणत नाही, पण बहुतेकांना वेळ लागतो.

मात्र आम्हाला त्या पुस्तकातील सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. लक्ष्मीबाई स्वतःविषयी ज्या सुरात लिहितात तो सूर पाहा. आपले अज्ञान, आपला भित्रेपणा, आपला हट्ट, नवऱ्याशी झालेली भांडणे, फजित्या, सगळे त्या सांगून टाकतात आणि स्वतःलाच हसतात. त्या हसण्यात विष नाही. आपण किती सोसले याची जाहिरात नाही, आणि ‘मी किती वाईट’ असे छाती बडविणेही नाही. वास्तविक त्यांना तक्रार करायला भरपूर जागा होती. स्वतःला थोर ठरवायलाही जागा होती, कारण टिळकांनी अपुरे सोडलेले ‘ख्रिस्तायन’ महाकाव्य पुढे बहुतांशी त्यांनीच लिहून काढले. शाळेत न गेलेल्या बाईने! तरी पुस्तकात दिसते ती थोर कवयित्री नव्हे, तर आपल्या शेजारच्या घरातली बाई, जिला स्वतःविषयी खरे बोलण्याची भीती उरलेली नाही. अव्हिलाच्या संत तेरेझा यांनी १५७७ साली लिहिलेल्या ग्रंथात नम्रतेची सांगड सत्याशी घातली आहे. नम्र असणे म्हणजे खऱ्यात चालणे. त्याचे मराठी उदाहरण कोणी मागितले तर आम्ही ‘स्मृतिचित्रे’ काढून दाखवू.

संतांनाही सुटले नाही

पण मंत्रचळ फक्त सोवळ्याचाच असतो असे नाही. पापाचाही असतो. आपल्या ख्रिस्ती घरांत तो अशा रूपाने येतो : पापनिवेदन झाले, धर्मगुरूंनी पापमुक्ती दिली, आणि पायरी उतरता उतरता शंका, की मी नीट सांगितले का? काही राहिले का? मला खरेच क्षमा झाली का? पुन्हा त्याच जुन्या पापाचे निवेदन. असे वर्षानुवर्षे.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी ही यातना भोगली आहे. १५२२ साली, सैनिकी जीवन सोडल्यावर, ते स्पेनमधील मान्रेसा या गावी राहिले. तेथे त्यांना अशा शंकांनी इतके घेरले की तीच ती पापे पुन्हा पुन्हा निवेदन करूनही समाधान होईना. उपवास वाढविले, प्रार्थनेचे तास वाढविले, उलट त्रासच वाढला. त्या काळात स्वतःचा जीव देण्याचा विचार आपल्या मनात येत असे, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगून लिहून घेतले आहे. ही गोष्ट लपवून ठेवता आली असती. संताच्या चरित्रात असे काही असावे हे अनेकांना रुचणार नाही. आम्हाला मात्र त्या ओळी फार मोलाच्या वाटतात. शेवटी इग्नेशियस यांना कळून चुकले की हा जाच देवाकडून येत नाही, आणि झालेली जुनी पापे पुन्हा उकरायची नाहीत असा निश्चय त्यांनी केला. तेथून ते मोकळे झाले. ज्यांना असाच त्रास आहे त्यांनी एकाच धर्मगुरूचा सल्ला घ्यावा, तो पाळावा, आणि झोप, भूक, काम यांवर परिणाम होत असेल तर डॉक्टरांकडेही जावे. डॉक्टरांकडे गेल्याने विश्वास कमी ठरत नाही.

जिनेव्हाचे महागुरुस्वामी संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ साली सामान्य संसारी लोकांसाठी भक्तिजीवनावर पुस्तक लिहिले. त्यात स्वतःशी सौम्यपणे वागण्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. काही माणसे रागावतात, मग आपण रागावलो म्हणून स्वतःवर रागावतात, आणि मग त्या रागाचाही त्यांना राग येतो, असे ते म्हणतात. आपल्या घरात असे कोण आहे ते प्रत्येकाने पाहावे. (दुसऱ्याकडे बोट दाखविण्याआधी आरशात पाहावे.) चूक झालीच तर हृदयाला आईने लेकराला समजवावे तसे समजवावे आणि उठून चालू लागावे, असा त्यांचा उपदेश आहे.

दुसऱ्यांनी दिलेली लाज

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, नाही तर या लेखाचा उलटा अर्थ होईल. आपल्या समाजात अनेकांच्या मनात स्वतःविषयी जी लाज आहे ती त्यांची नाहीच. ती दुसऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या अंगावर टाकलेली आहे. जातीवरून, काळ्या रंगावरून, मुलगी म्हणून, मूल होत नाही म्हणून, अपंग म्हणून. अशा माणसाला ‘जसा आहेस तसा स्वीकार कर’ एवढेच सांगणे म्हणजे त्याला पुन्हा त्याच जागी बसवणे. लक्ष्मीबाईंना उच्चपणाचे ओझे उतरवायचे होते. ज्यांच्यावर नीचपणाचे ओझे लादले गेले त्यांचा प्रश्न वेगळा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांसह बौद्ध धर्म स्वीकारला. त्या मार्गाने लक्षावधी माणसे ताठ मानेने उभी राहिली. स्वतःचा स्वीकार म्हणजे लोकांनी चिकटविलेल्या नावाचा स्वीकार नव्हे. परमेश्वराने मला आईच्या उदरात घडविले ही स्तोत्रकर्त्याची श्रद्धा आहे (स्तोत्र १३९). घडविणारा जे म्हणतो ते खरे धरायचे की वाटेवरचा जे म्हणतो ते?

खारपाणाचे वावर

आपल्या संग्रामपूर तालुक्यातील शेतकऱ्याला हा विषय पुस्तकाशिवाय समजेल असे आम्हाला वाटते. कारण आपण खारपाणपट्ट्याच्या काठावर आणि काही जण तर त्याच्या मधोमध राहतो. पूर्णेच्या खोऱ्यातील हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. वर सातपुड्याच्या पायथ्याला, सोनाळा-टुनकीच्या बाजूला पाणी गोडे, तेथे संत्र्याच्या बागा. खाली उतरत आलो की जमीन काळी, खोल, कसदार, पण विहिरीचे पाणी खारे. ते ना धड पिता येते, ना वावराला देता येते. प्यायचे पाणी वान नदीवरच्या धरणातून नळाने आणावे लागते. खारे पाणी काळ्या मातीला देत राहिले तर माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, आणि चांगले रान वाया जाते.

आता अशा वावराचा मालक तीन प्रकारे वागू शकतो. एक जण खालच्या रानात संत्र्याची बाग लावण्याचा हट्ट धरतो, कारण वरच्या गावातल्या पाहुण्याकडे आहे. दुसरा रोज बांधावर बसून बापजाद्यांना बोल लावतो की असले रान माझ्याच वाट्याला का दिले. तिसरा मातीचा नमुना काढून माती परीक्षणाला पाठवतो. कागद येतो : सामू इतका, क्षार इतके, सेंद्रिय कर्ब इतका. तो कागद जमिनीला शिव्या देत नाही आणि तिची खोटी स्तुतीही करत नाही. तो वाचून मग ठरते की जिप्सम किती टाकायचे, ढैंचा-बोरूचे हिरवळीचे खत कधी गाडायचे, पावसाचे गोड पाणी साठवायला शेततळे कुठे खोदायचे, आणि कपाशी, तूर, हरभरा यांपैकी कशाचा मेळ बसतो. त्या रानातही पीक येते. संत्री येत नाहीत.

आपण रात्री झोपण्यापूर्वी करतो ते आत्मपरीक्षण असेच माती परीक्षणासारखे व्हावे. पुष्कळांचे आत्मपरीक्षण म्हणजे नुसता फटक्यांचा कार्यक्रम असतो. संत इग्नेशियस यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ ग्रंथात त्याचा क्रम घालून दिला आहे. त्यातली पहिली पायरी पापांची यादी ही नाही. आज मला काय मिळाले त्याबद्दल परमेश्वराचे आभार, ही पहिली पायरी आहे. मग प्रकाश मागायचा, मग दिवस तासातासाने पाहायचा, मग क्षमा, आणि उद्याचा निश्चय. हा क्रम बदलला की सगळेच बिघडते. दहा मिनिटे पुरतात. मुलांना शिकविताना पालकांनीही हा क्रम पाळावा. ‘आज काय चुकलेस’ याच्या आधी ‘आज काय चांगले झाले’ विचारावे. दहावीच्या निकालाच्या दिवशी तर विशेष करून.

एक कठीण गोष्ट

स्वतःवर चिडणे ही सगळ्यांच्याच बाबतीत किरकोळ गोष्ट नसते. आपला बुलढाणा जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशाला माहीत झाला. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले त्यांत आपला जिल्हा होता. या दुःखाची कारणे भाव, पाऊस, कर्ज, सिंचन यांत आहेत आणि त्यांची उत्तरेही तेथेच शोधली पाहिजेत. स्वतःचा स्वीकार कर म्हणजे सावकार थांबेल, असे आम्ही सांगणार नाही. पण कर्जाबरोबर आणखी एक गोष्ट माणसाला पोखरते. ती म्हणजे ‘मी घर चालवू शकलो नाही, म्हणून मी कोणी नाही’ हा हिशेब. बँकेच्या वहीत माणसावर रक्कम असते. माणसाची किंमत त्या वहीत लिहिलेली नसते. हे घरच्यांनी त्याला शब्दांत सांगायला हवे. आपल्याकडे पुरुषाला असे बोलून दाखविण्याची रीत नाही. ती पाडावी लागेल.

ज्या घरांत अशी घटना घडली आहे त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण गावात अजूनही उलटसुलट बोलले जाते. तीव्र मानसिक यातना, भीती वा क्लेश यांमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होते, तिच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये, आणि ख्रिस्तसभा तिच्यासाठी प्रार्थना करते, असे ख्रिस्तसभेच्या प्रश्नोत्तरग्रंथात शिकविले आहे (क्र. २२८२–२२८३). मागे राहिलेल्यांनी ‘मला आधी का कळले नाही’ म्हणून आयुष्यभर स्वतःला शिक्षा देत बसू नये.

आणि ज्यांच्या स्वतःच्याच मनात असे विचार येतात त्यांनी ते कोणा एकाजवळ बोलावे. घरी, मित्राजवळ, आमच्याकडे, कोणत्याही वेळी. १४४१६ हा शासनाच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, रात्रंदिवस चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

कोळशाचा विस्तव

या आठवड्यात घरी वाचण्यासाठी योहानकृत शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय द्यावा असे आम्ही ठरविले आहे. तो वाचण्यापूर्वी अठरावा अध्याय उघडून अठरावे वचन पाहा. तेथे अंगणात कोळशाचा विस्तव पेटलेला आहे, पेत्र शेकत उभा आहे, आणि त्याच विस्तवाजवळ उभा राहून तो आपल्या प्रभूला ओळखत नसल्याचे सांगतो. मग एकविसाव्या अध्यायात या. सकाळची वेळ, तलावाचा किनारा, आणि प्रभूने तेथे काय तयार ठेवले आहे? पुन्हा कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, आणि भाकर (योहान २१:९). तो वास पेत्राला ओळखीचा नसेल का? प्रभू त्या रात्रीचा विषय शब्दाने काढत नाही, पण लपवीतही नाही. आधी जेवू घालतो. जेवण झाल्यावर तीनदा तोच प्रश्न विचारतो. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी होतो. आता तो पूर्वीसारखी मोठमोठी वचने देत नाही. तुला सर्व ठाऊक आहे, एवढेच म्हणतो. स्वतःविषयी खरे बोलण्याची त्याची ही पहिली वेळ असावी. आणि कळप त्याच्याच हाती दिला जातो.

बहुतेक लोक वाचन येथे थांबवतात. आपण आणखी थोडी वचने पुढे जाऊ. समेट होऊन काही क्षण झाले नाहीत, तोच पेत्र मागे वळून पाहतो. दुसरा शिष्य येताना दिसतो. लगेच त्याच्या तोंडी प्रश्न, की याचे काय होणार? (योहान २१:२१). कळप मिळाला, क्षमा मिळाली, तरी डोळा शेजाऱ्याच्या ताटाकडे! आपल्याला हसू येते, कारण ते आपलेच घर आहे. प्रभू त्याला सांगतो की त्याची चौकशी तू करू नकोस, तू माझ्यामागे ये. त्या शिष्याचे काय होणार हे प्रभूने पेत्राला शेवटपर्यंत सांगितले नाही.